आसगावातलं एक खेळघर : बाकावर बसून लिहिलेला अभिप्राय

आधी कामाचं सांगते. गोव्यात म्हापशाहून हणजूणकडे जाताना आसगावात आत वळलं की एका जुन्या बल्कांवाच्या, म्हणजे पुढे बसायची पडवी असलेल्या, घरात हे खेळघर आहे आणि त्याला लागूनच कॅफे. दोन ते सहा वर्षांची मुलं घेतात. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. एका सकाळचे आठशे रुपये, महिन्याचा पास काढला तर थोडे कमी. मुलाला सोडून निघून जाता येत नाही, बरोबर एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे. नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचून लोक एका घरावर दगड मारून मोकळे होतील आणि तसं व्हायला नको आहे.

मी पेडणे तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. आधी बालवाडी, मग सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मुलगी आणि जावई पुण्यात होते. २०२० च्या टाळेबंदीत गावी आले ते परत गेले नाहीत. मुलगी घरात बसून कंपनीचं काम करते. जावयाने नोकरी सोडली, तो मुलाला सांभाळतो, स्वयंपाक करतो, परसात भाजी लावतो. नातू पाच वर्षांचा. त्याला शाळेत घातलेलं नाही, केस खांद्याच्या खाली आलेत, पायात चप्पल टिकत नाही. खेळघरात त्याला बहुतेक वेळा जावईच नेतो. त्याला जमत नाही तेव्हा मी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला येते आणि पुढची बस पकडते.

खेळघर आतून फार चांगलं आहे, हे पहिल्यांदा कबूल केलं पाहिजे. मी शिक्षिका आहे, सजावटीला भुलत नाही. मी बघते ती मुलांच्या हाताला पोचणारी उंची. फळ्या खाली आहेत, हात धुवायचं भांडं खाली आहे, नळ मुलांना फिरवता येतो. मातीकामाला खरी माती आहे, रंगीत पिठाचा गोळा नाही. आंब्याला झोका बांधलाय, त्याची दोरी जाड आहे आणि कुणीतरी ती नियमाने तपासत असणार, कारण गाठी ताज्या दिसतात. (त्याच आंब्यावर हुमले, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, आहेत. मुलांना पूर्ण बाह्यांचं घाला.) मागे चिखलाचं स्वयंपाकघर : मोडकी पातेली, डाव, नारळाच्या करवंट्या, पाण्याची बादली. मुलं तासन्‌तास तिथेच. दोघी शिकवणाऱ्या मुली तरुण आहेत, पण त्यांना गप्प बसता येतं, आणि हे शिक्षकाला सगळ्यात शेवटी जमतं. एखादं मूल बटण लावायला धडपडत असेल तर त्या हात पुढे करत नाहीत. स्वच्छतागृह लखलखीत. पावसात अंगणाला ताडपत्री लागते, पण पत्र्यासारखा आवाज होत नाही. डास आहेत. आसगावात डास नसतील तर काय असणार.

आता बाक.

मी पहिल्यांदा नातवाला घेऊन गेले तेव्हा फाटकाजवळच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. मी पाचवारी सुती साडी नेसलेली, केसांत अबोलीचा वळेसर, हातात नातवाचा डबा आणि जास्तीची चड्डी असलेली कापडी पिशवी. तिने नातवाशी इंग्रजीत बोलून घेतलं, मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "आप बेबी के साथ आयी हो? आप लोग उधर बैठते हैं." आणि माझ्या हातात हिरवी चिठ्ठी दिली. उधर म्हणजे कुंपणाच्या गडग्याला टेकून ठेवलेला लाकडी बाक. आई-वडील, आजी-आजोबा यांना पिवळी चिठ्ठी आणि कॅफेतली खुर्ची, मुलं सांभाळायला ठेवलेल्या बायकांना हिरवी चिठ्ठी आणि बाक.

मी काही बोलले नाही. बाकावर सावली होती, वारा होता, आणि तिथल्या चौघी मला कॅफेतल्या कुणापेक्षाही जास्त ओळखीच्या वाटल्या. जाऊन बसले. तेव्हापासून मी गेले की तिथेच बसते, आता पिवळी चिठ्ठी मिळते तरीही.

ते कसं झालं तेही सांगते. एकदा न्यायला जावई आला, त्याने मला तिथे बसलेलं पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. आत जाऊन तो काय बोलला कोण जाणे. व्यवस्थापक धावत आल्या. "आम्हाला कल्पना नव्हती, तुम्ही टीचर आहात म्हणून..." खुर्ची आली, चहा आला, चहाचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, चहा पाच करा. पाच आले, पण कागदी पेल्यांत. माझा तेवढा काचेच्या.

बाकावर जे कळतं ते कॅफेत बसून कळणार नाही. एक बाई दोडामार्गची. शिवोलीत राहणाऱ्या गुरुग्रामच्या एका जोडप्याकडे राहून मूल सांभाळते. तिचा स्वतःचा मुलगा तिसरीत, तिच्या आईकडे. तिच्याकडच्या बाळाचे केस माझ्या नातवापेक्षा लांब, नखांत माती, तीच ती अर्धी चड्डी रोज. तिला सांगून ठेवलंय की तो स्वतः म्हणेपर्यंत केस कापायचे नाहीत. ती मला म्हणाली, "बाई, हेका इचारून केस कापतत. माझ्या झिलाची नखां वाडली म्हणून मास्तरान सगळ्या पोरांसमोर उभो केल्यान. वहीत लिवन धाडल्यान, आईचा लक्ष नाय." हे सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही, कारण वहीत असे शेरे मीही आयुष्यभर लिहिले आहेत आणि कोणत्या घरच्या वहीत लिहायचा, कोणत्या घरी फक्त बोलायचं, हे शिक्षकाला न शिकवता कळतं. सरपंचाच्या नातवाच्या वहीत लाल शाईने आईचं लक्ष नाही असं कुणी लिहीत नाही.

दुसरी विजापूरकडची. ती मूल सांभाळणारी नाही, तिथे झाडलोट करते. तिचा नवरा शेजारच्याच बंगल्याच्या बांधकामावर. सुट्टीत तिची आठेक वर्षांची मुलगी तिच्याबरोबर येते आणि आमच्या बाकाच्या टोकाला बसते. ही मुलगी हुशार आहे. बसल्या बसल्या आतली इंग्रजी गाणी पाठ करते.

एका सकाळी आत झाडू मारायचा उपक्रम होता. माँटेसरी पद्धतीत याला रोजच्या जीवनातली कामं म्हणतात : पाणी ओतणं, ताट पुसणं, झाडणं. मुलांच्या मापाच्या केरसुण्या, छोटी सुपली. तीन-चार वर्षांची मुलं अंगणात आंब्याची पानं गोळा करत होती आणि कॅफेतून त्यांचे फोटो काढले जात होते. कौतुक करण्यासारखंच होतं ते. माझा नातू तर घामाघूम. या मुलीला राहवलं नाही. ती उठली, एक केरसुणी घेतली आणि दोन मिनिटांत अर्धं अंगण चकाचक केलं, शिवाय बाकीच्यांना केर कोपऱ्यातून कसा ओढायचा ते दाखवायला लागली. मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

शिकवणारी मुलगी पळत आली. ओरडली नाही, अगदी गोड बोलून केरसुणी तिच्या हातातून काढून घेतली. व्यवस्थापक आल्या आणि मुलीच्या आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, इथे लहान मुलांना कामाला लावलेलं चालत नाही, कुणी फोटो काढला तर आम्ही अडचणीत येऊ. आईला वाटलं आपली नोकरी जाते. तिने मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग कॅफेतल्या दोघीतिघींनी माना हलवल्या, "हे लोक मुलांना मारतात," अशा अर्थाचं काहीतरी.

केरसुणी तीच, अंगण तेच. एकीसाठी ते शिक्षण, दुसरीसाठी बालमजुरी. कायदा मला माहीत आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवायला बंदी आली. शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना हातभार लावायला मुभा आहे. कायदा योग्यच आहे, व्यवस्थापकांची भीतीही खोटी नाही. पण ही मुलगी कामाला नव्हती, खेळायला उठली होती, आणि त्या अंगणात ती खेळताना कुणाला दिसलीच नाही. मी व्यवस्थापकांना म्हटलं, तिला पिवळी चिठ्ठी द्या, म्हणजे तिचं झाडणंही शिक्षण होईल. त्यांना तो विनोद वाटला.

गडग्याच्या पलीकडे त्या बांधकामावर वाळूचा ढीग आहे. मजुरांची पोरं दिवसभर त्यात. अलीकडे आमचा वाळूचा हौद, धुऊन चाळून आणलेली वाळू, वर जाळी. गावात त्या पलीकडच्या पोरांना काय म्हणतात ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. 'घाटी' म्हणायचं, आणि वर विचारायचं, यांच्या आईबापांना काळजी आहे की नाही. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात, जो २०२५ पर्यंत लागू होता, पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त बायका कामावर असल्या तरच. आसगावच्या बंगल्यावर पाचसहा बायका असतात. म्हणजे वाळूचा ढीग हेच त्यांचं पाळणाघर.

कॅफेच्या भिंतीवर माँटेसरीबाईंची तसबीर आहे, शेजारी वॉल्डॉर्फ शाळांबद्दलचा एक तक्ता. मालकीण मुंबईची, बांद्र्याची, स्वभावाने चांगली. मी शिक्षिका आहे कळल्यावर ती मला मोठ्या हौसेने ही युरोपची पद्धत समजावून सांगायला लागली. मी ऐकून घेतलं आणि मग तिला सांगितलं ते इथेही लिहिते, कारण आठशे रुपये भरणाऱ्या पालकांना ते ठाऊक असावं. माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह काढलं ते १९०७ साली, रोममधल्या सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं इमारतीचे जिने, भिंती खराब करतात, म्हणून इमारत सांभाळणाऱ्या मंडळींनीच त्यांची सोय करायचं ठरवलं होतं. पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ ची, जर्मनीत श्टुटगार्टला, सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. कारखान्याचंच नाव शाळेला लागलं. दोन्ही पद्धती निघाल्या बाकावरच्या बायकांच्या मुलांसाठी.

आणि आपल्याकडे तर ताराबाई मोडक. १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघांनी शिंपले, गोटे, बिया, पानं हीच साधनं केली. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. आमच्या बालवाडीच्या प्रशिक्षणात हे सगळं होतं. मी स्वतः मोरजीच्या किनाऱ्यावरून शिंपले वेचून आणून मोजणी शिकवलेली आहे आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी "साधनं नाहीत" असा शेरा मारलेला आहे. खेळघराच्या दुकानात शिंपले, गोटे आणि बियांची एक टोपली विकायला आहे. किंमत बघून मी ती हळूच परत ठेवली.

त्याच फळीवर परदेशी लाकडी खेळणी आहेत. सुंदर आहेत, पण इथून सावंतवाडी किती लांब? चितार आळीत लाकडी फळं, भातुकली, भोवरे मिळतात. मालकिणीला सांगितलं. तिने वहीत टिपून घेतलं, आणि पुढच्या खेपेला खरंच दोन टोपल्या सावंतवाडीच्या होत्या. हा गुण द्यायलाच हवा.

आता आमच्या गावाची बाजू. आसगावच्या लोकांना नावं ठेवली आणि आम्ही साळसूद राहिलो असं नको व्हायला.

गावात नातवाच्या केसांवरून पहिला प्रश्न, "नवस आसा काय गो?" मुलगी खरं उत्तर द्यायची : नाही, त्याला आवडतात म्हणून ठेवलेत. लोक गप्प व्हायचे आणि वळल्यावर बोलायचे. शेवटी मी सांगायला लागले, हो, भगवतीचा नवस आहे. चमत्कार झाला. तेच केस पवित्र झाले. एका बाईने तर हात जोडले. पाच वर्षांच्या पोराने स्वतः काही ठरवलं हे आमच्याकडे लाडावल्याचं लक्षण, देवीने ठरवलं तर संस्कार.

जावयाचं त्याहून कठीण. "बायल जोडता आनी घोव जेवण करता," म्हणजे बायको कमावते आणि नवरा रांधतो, हे मी दुकानात, देवळात, बसमध्ये ऐकलंय. त्याच्या अंगावर मळका सदरा आणि हातात मूल दिसलं की तो आळशी. आसगावात गेला की तोच सदरा आणि तेच मूल, आणि कॅफेतल्या बायका म्हणतात किती पुढारलेला पुरुष. तो बिचारा दोन्हीकडे तोच असतो. एकदा तर खेळघरातल्या एका वडिलांनी त्याला विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, मूल सांभाळतो. ते म्हणाले, ते ठीक, पण त्याआधी काय करत होता? आधीच्या कंपनीचं नाव सांगितल्यावर मग त्याच्या भाजीच्या वाफ्यांना किंमत आली. पुण्यातली नोकरी पाठीशी नसती तर तो त्यांच्याही हिशेबात बेकारच ठरला असता, हे जावयानेच घरी येऊन सांगितलं.

आणि शाळेचं. "शिकलेली माणसं, टीचरचो नातू, आणि अजून शाळेत घालूंक ना?" आमच्या अंगणवाडीच्या सेविकेने काळजीने विचारलं, पोलिस येतील का. मी तिला समजावलं की शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नातू पाचाचा आहे, नव्या धोरणातही पहिली सहाव्या वर्षी. सहा पूर्ण झाल्यावर काय ते त्याचे आईबाप आणि मी भांडून ठरवू. पण गावाला तो कायद्याचा प्रश्न नव्हताच. घरी ठेवलेलं मूल म्हणजे एकतर आजारी, नाहीतर गरिबाचं. आणि हे तेच गाव, ज्याने माझी मराठी शाळा रिकामी केली. १९९० मध्ये सरकारने ठरवलं की अनुदान मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांनाच. शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री होत्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचा निर्णय झाला, त्यावर आंदोलनं झाली, भाषणं झाली. मीही घोषणा दिल्या. घोषणा देणाऱ्यांतल्या कितीजणांची मुलं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढत होती ते मला फाटकातून दिसायचं. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात पहिलाच माणूस साहेब होणार आहे तो टाय बांधतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या साहेब झाले आहेत तो मुलाला अनवाणी सोडतो, कारण पडला तरी खाली गादी आहे.

खेळघरातल्या आया याबाबतीत भोळ्या आहेत, दुष्ट नाहीत. एकजण मला म्हणाली, तुम्हा लोकांना किती सहज येतं, मुलाला जवळ घेऊन झोपणं, हाताने भरवणं, तेल लावणं, आम्हाला पुस्तकं वाचून शिकावं लागतं. कौतुकच होतं. पण "तुम्हा लोकांना" ऐकलं की बाक आठवतो. मी तिला सांगितलं, आमच्यात मूल आजीजवळ झोपतं, कारण खोल्या दोन आणि माणसं नऊ. ती म्हणाली, किती सुंदर. मी म्हटलं, उकाड्यात येऊन बघा.

त्यांच्यातली एक मात्र मला फार आवडते. दंडावर मोठं गोंदण, मूल एकटीने वाढवते, जुनी खडखडती स्कूटर. आमच्या गावातून गेली असती तर बायकांनी तिला दोन क्षणांत मोजून टाकलं असतं. आत तिची विटकी, फाटकी जीन्स ही आवड समजली जाते. आवड कसली, दुसरी नाही. खेळघराची फी तिला परवडत नाही, ती त्याबदल्यात दोन सकाळी मुलांना चित्रं काढायला बसवते. हे तिनेच मला बाकावर येऊन सांगितलं. ती कॅफेत बसत नाही, कारण बसलं की काहीतरी मागवावं लागतं. तिची मुलगी आदळआपट करायला लागली तर ती शेजारी जमिनीवर बसून राहते, ना रागावते ना समजूत घालते. चाळीस मुलांच्या वर्गात मला हे कधी जमलं नसतं, पण एका मुलाबरोबरही फार थोड्यांना जमतं.

कॅफेचं खाणं थोडक्यात. इडली बरी. नाचणीचं सत्त्व छान, गूळ बेताचा. उकड्या तांदळाची पेज मिळते, चिनी मातीच्या वाडग्यात, वर कढीपत्त्याचं पान, बाजूला लोणच्याची एक फोड, २८० रुपये. शेतावर काम करणाऱ्याची अकराची पेज ती हीच. चव? मिठाचं पाणी कमी, पेज जास्त शिजवलेली. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, मागितली तर नाही म्हणाले. बाकावर आम्ही आपापले डबे उघडतो. तिथलं जेवण चांगलं.

भाषेची एक तक्रार आहे आणि ती मी अभिप्राय-वहीतही लिहिली आहे. आत मुलांशी इंग्रजी, बाकावरच्यांशी हिंदी, आणि मराठी-कोंकणी कुणाशीच नाही. मुलं हे बरोबर टिपतात. माझा नातू घरी माझ्याशी मराठीतच बोलतो. खेळघरात, मी बाकावर असले तर धावत येऊन मराठीत पाणी मागतो. मी एकदा मुद्दाम कॅफेत जाऊन बसले, तर त्याने तेच पाणी इंग्रजीत मागितलं. पाच वर्षांच्या मुलाला कुणी हे शिकवलेलं नाही. मी त्यावर उपाय सुचवला : दोडामार्गच्या बाईला आठवड्यातून एकदा आत बोलवा, तिला गाणी आणि गोष्टी येतात, माझ्यापेक्षा जास्त येतात, आणि त्याचे पैसे द्या. मालकिणीला कल्पना आवडली. बाईची मालकीण म्हणाली, तिला आम्ही मुलाकडे बघायचे पैसे देतो. म्हणजे तेही अडलं. तरी एका शुक्रवारी ती दहा मिनिटं आत गेली, तिने टाळ्या वाजवून एक बडबडगीत घेतलं, मुलं तिला सोडायला तयार नव्हती. बाहेर आली आणि पुन्हा हिरव्या चिठ्ठीवर बसली.

जावं का? मुलासाठी जरूर जावं. पाच वर्षांच्या मुलाला माती, पाणी, झाड आणि गप्प बसणारी मोठी माणसं एका जागी मिळणं दुर्मीळ आहे. परवडत नसेल तर जीव जाळू नका, अंगण आणि बादली असेल तर निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं म्हणजे फोन बाजूला ठेवून तिथे बसून राहणं. बुधवारी जाऊ नका, हणजूणच्या बाजाराची गर्दी असते आणि बस रस्त्यातच अडकते. बसने जाणार असाल तर चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, सगळ्या बसेस आसगाववरून जात नाहीत. आजी असाल तर फाटकावर आधीच आजी म्हणून सांगा, किंवा माझ्यासारखं सांगू नका आणि बाकावर बसा. आता तिथे पंखा बसवलाय. चहा मात्र अजून कागदी पेल्यातच.

शेवटचं मागणं मालकिणीकडे ठेवलंय. दुपारी दोन ते चार ती जागा रिकामी असते. त्या वेळात झाडणाऱ्या बाईच्या मुलीला आणि गडग्यापलीकडच्या पोरांना आत येऊ द्या, मी येऊन बसते, पैसे नकोत. बाकीच्या पालकांना आवडेल का याची तिला शंका होती, तसं ती बोलली नाही, ती म्हणाली विम्याचा प्रश्न आहे, बाहेरच्या मुलाला लागलं तर जबाबदारी कोणाची. रास्त आहे. मी विचारलं, विम्याचा हप्ता किती वाढेल ते कंपनीला विचारून सांगा, आम्ही गावात वर्गणी काढू. दोनदा आठवण केली आहे. चौकशी चालू आहे म्हणते.